पुठ्ठ्याचं मशीन

मी खुर्चीवरून उठले आणि भाऊसाहेबांनी मशीन पुसायला घेतलं.

माझ्यासमोर. सगळ्या क्लाससमोर. रॉकेलमध्ये बुडवलेला फडक्याचा बोळा आणि टाइपरायटरची एकेक कळ. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. मग ओळ संपली की ओढायचा तो बाजूचा दांडा. मग खुर्ची. खुर्चीची बैठक त्यांनी घासून पुसली, पाठही पुसली. मी पाठ टेकलीसुद्धा नव्हती. पुढचा मुलगा बसायला आला तर त्याला म्हणाले, "रुको बेटा, अभी मत बैठना. सूखने दो."

मी माझा टाइप केलेला कागद हातात धरून उभी. मघाशी त्याच मशीनवरून सराफ्यातल्या एका दुकानदाराची मुलगी उठली होती. तिच्यामागे कुणी बोळा फिरवला नव्हता.

आजही रॉकेलचा वास आला की माझ्या तोंडात पाणी जमतं, ओकारीच्या आधी जमतं तसं. लोक मला सांगतात, जुन्या गोष्टी विसराव्यात. सांगणाऱ्यांच्या मागे कुणी कधी खुर्ची पुसलेली नसते.

भाऊसाहेबांचा टायपिंग क्लास इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, त्यांच्याच घराच्या खालच्या खोलीत होता. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, ही गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकावी लागायची. संस्थान गेलं, आजोबांची पगडी काचेच्या कपाटात गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं घर. बोलणं मात्र तुपातलं. "ये बाळ, बस बाळ." त्यांनी आवाज चढवलेला मी तोवर ऐकला नव्हता. ज्यांची सगळी कामं गोड बोलून होतात त्यांना आवाज चढवायची गरजच पडत नाही.

आम्ही मिलच्या चाळीतले. आजोबा खानदेशातून इंदूरला आले, मिलमध्ये लागले, त्यांच्यामागे बाबा लागले. मग मिल बंद पडली. आधी रात्रपाळी गेली, मग दुसरी पाळी, आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. बाबा तरीही रोज आंघोळ करून गेटसमोर जाऊन बसायचे. तिथे त्यांच्यासारखेच दहावीस जण बसलेले असत, बिड्या ओढत. आई मंडीत जायची, देपालपूरकडून आलेला गहू झाडायला. संध्याकाळी तिच्या पापण्यांवर भुसा असायचा. टीव्हीवर सांगत होते की देश आता खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येणार, रंगीत पाण्याच्या बाटल्या येणार. आमच्या मिलचं गेट तेवढं बंद.

मी घरातली मोठी, माझ्यामागे एक बहीण. बारावी झाले होते. सरकारी कचेऱ्यांत टायपिस्टच्या जागा निघत, आमच्यासाठी राखीवही असत, पण टायपिंगची परीक्षा पास असल्याशिवाय अर्जही घेत नसत. ती परीक्षा झाली तर घरात एक पक्की नोकरी येणार होती. नाही झाली तर मीही आईबरोबर मंडीत सूप घेऊन बसणार होते. एवढं सरळ होतं ते.

नाव घालायला गेले तेव्हा भाऊसाहेबांनी आडनाव विचारलं, मग विचारलं, "राहता कुठे?" मी चाळ सांगितली. "कोणती लाइन?" आमच्या चाळीत कोणती लाइन कोणाची, हे अर्ध्या इंदूरला ठाऊक. मी लाइन सांगितली. त्यांनी पेनला टोपण लावलं. "अच्छा, अच्छा. बहुत बढिया. शिकायलाच हवं तुम्ही लोकांनी." जात विचारली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं ती.

क्लासची एक रीत होती. नव्याने आल्या आल्या मशीनला हात लावायचा नाही. पुठ्ठ्यावर कळांचे गोल काढायचे, त्यात अक्षरं भरायची, आणि तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बोटं बसवायची. रीत वाईट नव्हती. मशीनं थोडी, पोरं जास्त. मधल्या ओळीवर क, ह, र, स, य आणि काना. एवढ्या कळांवर पहिला मोठा शब्द बसतो, सरकार. सगळे तोच घोटत. सरकार सरकार सरकार. एक आठवडा पुठ्ठ्यावर, मग मशीनवर. सगळ्यांना एक आठवडा.

मला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी बाहेरच्या ओसरीत पुठ्ठा मांडीवर घेऊन. खोलीतून मशीनांचा आवाज यायचा आणि मी त्या आवाजावर बोटं चालवायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून बोटं बसली नाहीत बाळ. घाई कशाला?" सराफ्यातली मुलगी माझ्यानंतर खूप उशिरा आली. आली आणि आत गेली. मध्ये एक नवं मशीन आलं, ते आधी खजरान्याच्या गणपतीच्या पायाशी नेऊन आणलं. कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. ते देवापर्यंत जाऊन आलं, पण ओसरीपर्यंत काही आलं नाही.

माझा पुठ्ठा घामाने मऊ झाला. अक्षरं पुसट झाली, मी पुन्हा गिरवली. नळाच्या रांगेत मी बादलीच्या काठावर बोटं चालवायची. बाबा शिळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकत ऐकत पुठ्ठ्यावर टाइप करायची. माझी बोटं सगळ्यांच्या आधी बसली होती. हे भाऊसाहेबांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

एका संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. बाबांनी विचारलं, "क्यूं गं, ते मशीन वाजतं कसं? खटखट का टकटक?"

"माहीत नाही बाबा. अजून पुठ्ठाच चालू आहे."

"अभी तक?"

"सगळ्यांना मशीन दिलं. मलाच नाही."

मला वाटलं बाबा चिडतील. बाबा हसले. "अरे, ते तर असंच असतं. रिवाज आहे तो. आम्हाला कुठे साच्यावर घेत होते? पूरी जिंदगी रिंग खात्यात गेली."

आणि मग त्यांनी सांगितलं. मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागायचं. आमच्या माणसाने तोंड लावलेला धोटा दुसरा माणूस तोंडाला कसा लावणार? म्हणून साचेखात्यात आमचं कुणी नाही. तिथे पगार चांगला. आम्ही सूत कातायच्या रिंग खात्यात, नाकातोंडात कापूस घेत.

"बाद में तर नवे साचे आले," बाबा म्हणाले. "तोंड लावायचं कामच नाही राहिलं. तरी पण नाही घेतलं." हे सगळं ते आज कोणती भाजी केली ते सांगावं तसं सांगत होते. मध्येच खोकत होते.

मला किळस आली. त्या मिलची, भाऊसाहेबांची, आणि बाबांच्या त्या हसण्याचीही. आमच्या थुंकीची एवढी भीती! भाऊसाहेब कार्बन पेपर सुटा करताना अंगठा जिभेवर ओला करत. सुपारीने लाल झालेली जीभ. तोच ओला अंगठा पोरांच्या कागदांवर, मशीनच्या कळांवर. कळांवर त्याचे तांबूस डाग वाळलेले मी ओसरीतून पाहिले होते. त्या लाळेला सगळे गुरुजी म्हणत होते. घरात भिंतीवर कोटातल्या माणसाची तसबीर होती, हातात पुस्तक घेतलेली. त्या रात्री मला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

परीक्षा जवळ आली. परीक्षा एका सरकारी शाळेत व्हायची, तिथे नुसती बाकं. मशीन ज्याचं त्याने न्यायचं. घरी मशीन कुणाकडे होतं? क्लासची मशीनं हातठेल्यावर चढवून नेत, आणि कोणाला कोणतं द्यायचं ते भाऊसाहेब ठरवत. मी त्यांच्याकडे मशीन मागितलं. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आधी टेस्ट तर दे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मशीनवर बसले. बोटं धावली. एकदाही कळांकडे पाहिलं नाही. पण पुठ्ठ्याने मला जागा शिकवल्या होत्या, वजन शिकवलं नव्हतं. पुठ्ठ्यावर बोट टेकलं की झालं. मशीनची कळ हाणावी लागते, तेव्हा कुठे अक्षर फितीवर आपटतं. शिफ्टला तर करंगळीने लोखंड उचलावं लागतं. हे मला कोण सांगणार होतं? मी ओसरीतल्यासारखी हळूच बोटं टेकवत गेले. कागद बाहेर काढला तर अर्धी अक्षरं उमटलेलीच नाहीत, उरलेली दिसतील न दिसतील अशी.

भाऊसाहेबांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. "देखो भई, किसी को कुछ दिख रहा है क्या?"

एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "भिया, बिना स्याही के छाप दिया." खोली हसली. सराफ्यातली मुलगीही हसली.

"ऊठ," कागद माझ्यापुढे टाकत भाऊसाहेब म्हणाले. मी उठले. आणि त्यांनी बोळा घेतला.

पुसून झाल्यावर ते माझ्याजवळ आले, म्हणजे त्यांच्या जवळच्या अंतरावर, आणि हळू आवाजात मराठीत बोलले. आपलं माणूस समजावतं तसं. "बाळ, परीक्षेला तुला मशीन देता येणार नाही. ते परत आलं की त्यावर बाकीची मुलं बसणार ना? तू समजूतदार आहेस. पुठ्ठ्यावर चालू दे. आणि हो, आईला विचार. मागच्या दाराने संडास-मोरी धुवायला बाई हवी आहे आम्हाला."

मी घरी आले. रडले नाही. साबणाने हात धुतले, तरी वास जाईना. मग ध्यानात आलं की वास हाताला नव्हताच. बोळा माझ्या हाताला लागलाच नव्हता. आईने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. संडासाचंही सांगितलं. बाबा ऐकत होते. या वेळी ते हसले नाहीत.

सकाळी क्लासचं दार उघडल्या उघडल्या मी आत गेले आणि खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसले. ओसरीत थांबले नाही. पोरं आली, दारातच घुटमळली. भाऊसाहेब वरून आले. आंघोळ झालेली, कपाळाला गंध.

"ऊठ."

"नाही."

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठणार."

ते तरातरा आले. मला दंडाला धरून ओढायला त्यांनी हात पुढे केला. आणि हात थांबला. माझ्या बाहीपाशी येऊन हवेतच थांबला.

मी त्या हाताकडे पाहत राहिले. चांदीची अंगठी, जिभेवर ओला होणारा तो अंगठा. मला उठवायचं तर मला शिवावं लागणार होतं, आणि ते त्यांच्याने होणार नव्हतं. इतके महिने मी जे भय वागवलं ते माझं नव्हतंच. ते त्यांचं होतं. आमच्या पिढ्यान् पिढ्या बाहेर बसवणारी ती त्यांची शिवाशिव, आज तिने त्यांचाच हात धरून ठेवला होता.

त्यांनी कालच्या त्या 'बिना स्याही'वाल्या मुलाला सांगितलं, "उठाओ इसको."

तो खाली बघत म्हणाला, "लडकी है सर. मैं कैसे हाथ लगाऊँ?"

मी कागद चढवला आणि कळ हाणली. सरकार. पुन्हा हाणली. सरकार. रागाला वजन असतं, ते पुठ्ठ्यावर कळत नाही. अक्षरं काळीकुट्ट उमटली. ओळीच्या शेवटी पूर्णविराम असा बसला की कागदाला भोक पडलं. खटखट नव्हे, टकटक नव्हे. खाड, खाड, खाड. बाबांना सांगायला आता माझ्याकडे उत्तर होतं.

मग मी आपणहून उठले. शेजारच्या मशीनवर पूर्ण तळहात ठेवला. मग त्याच्या शेजारच्या. कुणी वाटेत आलं नाही, सगळे बाजूला सरकत गेले. नव्या मशीनच्या कपाळावरच्या कुंकवावर हात ठेवला. भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवला. माठाचं झाकण काढलं, पाणी घेतलं, प्यायले, झाकण ठेवलं.

"पुसा आता," मी म्हणाले.

त्यांचं गंध घामाने ओघळलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा. काय सांगणार? पोरीने मशीनला हात लावला?"

जे त्यांनी आजवर तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं, ते ठाण्यात उच्चारावं लागलं असतं.

"परीक्षेला मला मशीन पाहिजे," मी म्हणाले. "नाहीतर उद्या येईन, आणि सगळ्यांना हात लावीन. परवा पण येईन."

त्यांनी ओघळलेलं गंध पुसलं. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कोपऱ्यातलं जुनं ने."

कोपऱ्यातल्या मशीनच्या कळा अडकत. "नाही," मी म्हणाले. "खिडकीजवळचं."

परीक्षेच्या दिवशी बाबा गेटवर गेले नाहीत. कुणाचा तरी ठेला घेऊन क्लासच्या दारात आले. उंबऱ्यापाशी त्यांनी चपला काढल्या आणि थांबले. पाय आत येईना. आयुष्यभर मिलमध्ये लोखंडाच्या जवळ राबलेला माणूस एका खोलीच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"बाबा, आत या," मी म्हणाले. "चपला घाला आणि या."

ते आले. त्यांनी मशीन छातीशी धरून उचललं. भाऊसाहेब जिन्यावर उभे होते. बाबांनी त्यांना नमस्कार केला नाही. आपल्याहून मोठ्या घरातल्या माणसाला नमस्कार न करता बाबा निघालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

राजवाड्यासमोर गर्दीत ठेला अडकला. टेम्पो, रिक्षा, कचोरीवाला, सगळ्यांचा गोंगाट. बाबांनी एक हात मशीनवर ठेवला होता, पडू नये म्हणून. मग इकडेतिकडे पाहिलं आणि एका बोटाने एक कळ हाणली. खाड. त्यांनी बोटाकडे पाहिलं. "सुनाई दिया?" मला म्हणाले. मी म्हणाले, "दिया."

परीक्षा देऊन मशीन मीच परत नेलं. पास झाले, पुढे नोकरीही लागली. पण ही पास झालेल्या मुलीची गोष्ट आहे असं समजून कुणी टाळ्या वाजवू नयेत. बाबांसारखे जे रिंग खात्यात खोकत संपले त्यांच्यासाठी कुठली परीक्षा होती?

त्या दिवशी परत आणलेलं मशीन टेबलावर ठेवलं तेव्हा शेजारी रॉकेलची बाटली आणि बोळा तयार होता. नव्या, स्वच्छ फडक्याचा. म्हणजे माणूस तसूभरही बदलला नव्हता. मी तो बोळा चिमटीत उचलला, दाराबाहेर गेले आणि नालीत टाकला.

परत येऊन म्हणाले, "उद्यापासून माझी बहीण येईल. ती आठवडाभर पुठ्ठ्यावर बसेल, सगळे बसतात तशी. आठव्या दिवशी ती मशीनवर असेल. नसली तर मी येईन."

भाऊसाहेब म्हणाले, "तू फार बदललीस बाळ."

"मला बाळ म्हणू नका," मी म्हणाले.

आता टाइपरायटर गेले. मिलच्या जागेवर काचेची दुकानं उभी राहणार म्हणतात. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, कळा त्याच जागी आहेत, हलक्या आहेत, टेकलं तरी अक्षर उमटतं. तरी मी हाणते. शेजारचे वैतागतात. ऑफिसात पहिल्या दिवशी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवलेला होता, खिडकीत, उलटा. मी सगळ्यांच्या ग्लासांतून एकेक घोट प्यायले आणि ते होते तिथे ठेवून दिले.

अजूनही कुठे कुठे कळतं. मी उठल्यावर कुणी टेबलावरून उगाच रुमाल फिरवतं, कुणी खुर्ची झटकतं, हसून. आता रॉकेल नसतं, सुगंधी फवारा असतो. किळस तीच. मी दारापर्यंत गेलेली असले तरी मागे फिरते आणि पुसलेल्या जागेवर पूर्ण तळहात ठेवते. पुसणाऱ्याच्या डोळ्यांत बघत ठेवते. त्याने पुन्हा पुसलं तर मी पुन्हा ठेवीन.